आपल्या मनाने ओरडणारे इंजिन

सर्वसाक्षी शंकराला वंदन करून, महाशिवरात्रीची पूजा आटोपल्यावर हे लिहायला बसलो आहे. आजच्या दिवशी तरी लपवाछपवी नको. ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातातली जपमाळ थांबते.

पिंगळीजवळ रस्त्याच्या कडेला कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक भर दुपारी पेटला. पोलीस ठाण्याचा प्रभार माझ्याकडे होता. चालकाने फिर्याद दिली की सकाळी मेंढ्या रस्ता ओलांडत असताना एका मेंढपाळाशी त्याचे भांडण झाले होते आणि त्यानेच सूड उगवला. पाठोपाठ चहाच्या टपरीवाल्याकडून खबर आली, आग लागण्याआधी तो मेंढपाळ ट्रकजवळ उभा होता. झडतीत त्याच्या खिशात काडेपेटी निघाली. त्याला अटक केली आणि न्यायालयाकडून कोठडी घेतली.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "सायेब, गाडीत कुनीच नव्हतं, अन् इंजिन आपल्या मनानं वरडायलं व्हतं. म्हून बघाय गेलो."

"मग भूत चालवायलं होतं का रे?" हवालदारांनी विचारले. सारे हसले, मीही हसलो. ते वाक्य जबाबात घेण्याची मला गरज वाटली नाही.

कोठडी संपत आली तेव्हा ठाण्याची जीप दुरुस्तीला नेली. गॅरेजात एक ट्रक उभा होता. केबिनमध्ये कोणी नव्हते, पण इंजिन चढ्या आवाजात चालले होते. मला मेंढपाळाचे वाक्य आठवले. मिस्त्रींना विचारले.

"काजळी जाळायलीय साहेब ती गाडी," ते म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितले. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी लांबवर सलग धावली तर तापलेल्या धुराने काजळी आपोआप जळून जाते. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत मात्र ती साचत जाते आणि चालकासमोर इशाऱ्याचा दिवा लागतो. मग गाडी उभी करून कळ दाबायची. इंजिन स्वतःच वेग वाढवते आणि गाळणी भट्टीसारखी तापते. "खाली मोकळी जमीन लागते," मिस्त्री म्हणाले. "गवत असलं तर लय अवघड."

घटनास्थळाच्या पंचनाम्यात मीच लिहिले होते, 'गाडीखाली वाळलेले गवत'.

कापसाच्या ट्रकची केबिन आगीतून वाचली होती. तंत्रज्ञाने संगणक जोडला. त्या दुपारी उभ्या गाडीत काजळीची सफाई सुरू होऊन अर्ध्यात तुटल्याची नोंद निघाली. ती समोर ठेवताच चालक रडू लागला. दिवा चार दिवसांपासून लागलेला होता, पण मालक थांबू देत नव्हता. रस्ता अडू नये म्हणून त्याने गाडी गवतावर घेतली, कळ दाबली आणि चहाला गेला. नोकरी जाईल या भीतीने त्याने दुसऱ्याचे नाव घेतले.

मेंढपाळ सुटला. अहवालात मात्र मी सवयीचे वाक्य लिहिले, 'पुरेसा पुरावा आढळून आला नाही'. पाठशाळेत गुरुजींनी मला शब्द तोलून वापरायला शिकवले होते. 'याने आग लावली नाही' असे लिहिले असते, तर माझी चूकही लिहावी लागली असती.

मेंढपाळाचे पोट शेतात मेंढ्या बसवण्यावर चाले. खतासाठी शेतकरी कळप रानात बसवून घेतात आणि बदल्यात धान्य देतात. सुटून आल्यावर त्याला कोणी बोलावीना. "पोलिसाला घावलं न्हाई, येवढंच," असे म्हणत लोक आपल्या कडब्याच्या गंजीकडे बघत. वर्षभरात त्याने कळप विकला.

माझ्या निवृत्तीनंतर तो मला पूर्णा स्टेशनाबाहेर पोती उचलताना दिसला. मी हात जोडले. त्याने क्षणभर पाहिले.

"सायेब, म्या सांगितलं व्हतं की," एवढेच बोलून त्याने पोते पाठीवर घेतले.

आरोपीचे जे बोलणे हास्यास्पद वाटते, ते आधी तपासावे. हे मला उमगले, पण त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. गाडी चालवणाऱ्यांनो, दिवा लागला तर टाळू नका, आणि कळ दाबण्यापूर्वी वाकून गाडीखाली बघा. वाचकहो, शंभू तुमच्या घरादाराचे रक्षण करो. तुमच्यापैकी कोणावर कधी खोटा आळ आलाच, तर समोर बसलेला अधिकारी न हसता ऐकून घेणारा मिळो.