येळवसचं आवतण

जगात सगळ्यात अवघड काय, असं कुणी शिवलीलाला विचारलं असतं, तर तिनं गणित सांगितलं नसतं. दुसऱ्याचा चपलांनी भरलेला उंबरा, असं सांगितलं असतं. पण तिला विचारणार कोण, आणि विचारलं तरी ती बोलणार कुठं! बाळीवेशीत भुसार मालाचं दुकान चालवणाऱ्या सोमशेखरची ही एकुलती एक लेक. बाप बोलला की गल्लीला ऐकू जायचं, आणि लेकीच्या तोंडून शब्द निघायला मुहूर्त लागायचा.

तिच्या वाट्याचं काव्या बोलायची. काव्या म्हणजे प्रभुकाकाची मुलगी, चार घरं पलीकडं राहणारी, कॉलेजात एकाच वर्गातली. झेरॉक्सवाल्याशी तीच बोलायची, आणि वर्गात हजेरी सुरू झाली की, "मॅडम, शिवलीला हाय की," असंही तीच ओरडायची.

मागच्या वर्षी होटगीच्या रानातल्या बांधावरून सोमशेखर आणि प्रभु या भावाभावांत तू-तू मैं-मैं झाली. दोघंही तापट, मनानं वाईट मात्र कुणीच नाही. तेवढ्यात मार्गशीर्षातली अमावस्या, म्हणजे येळवस आली. त्या दिवशी सगळं घर रानात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपटात पूजा होते, हिरव्या दाण्यांची आणि भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलाचं जेवण होतं. सख्ख्या भावालासुद्धा त्याचं आवतण उंबऱ्यावर जाऊन द्यायचं असतं. फोनवरचं आवतण त्यांच्या घरात कुणी धरत नाही. सोमशेखरनं पडतं घ्यायचं ठरवलं. पण थोरल्यानं स्वतः कसं जायचं, म्हणून त्यानं लेकीला पुढं केलं. "जा, काकाला सांग, समद्यांनी या म्हणावं."

शिवलीलानं वाटेत ते वाक्य सात वेळा घोकलं. काकाच्या दारात चपलांचा ढीग होता, आत पाहुणे हसत होते. आपण आत गेलो की सगळ्यांच्या माना वळणार, एवढ्या विचारानंच ती घोकलेलं वाक्य विसरली. थोडा वेळ ती चपलांकडं बघत उभी राहिली आणि परत आली.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"येतो म्हणाले."

रानात दुपार टळेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. काकाच्या घरासाठी मांडलेल्या तीन पत्रावळ्या तशाच गुंडाळून आणल्या. तिकडं प्रभुकाका नवा सदरा घालून, आवतण येईल म्हणून दिवसभर घरातच बसले होते. हे दुसऱ्या दिवशी शिवलीलाला काव्याकडून कळलं. "आमी परके हाय व्हय गं?" एवढंच बोलून काव्यानं बाक बदललं.

दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. दोन्ही भाऊ आपापल्या जागी खरे होते. खोटी एकटी शिवलीला होती, आणि तिच्यावर कुणाचा संशयसुद्धा नव्हता. वर्गात तिचं 'हजर' मॅडमपर्यंत पोचेना, गैरहजेरीचं पत्र घरी आलं. "रोज जातीस की कॉलेजला! तोंड कुटं ठिवून जातीस?" सोमशेखर ओरडला. संध्याकाळी ती गच्चीवर जायची. पलीकडच्या गच्चीवर काव्या कपडे काढत असायची. ती वळून बघायची नाही. त्या वर्षात शिवलीला इतकी एकटी पडली, की कधीकधी आपला आवाज आहे की गेला, हे बघायला ती मोरीत दार लावून स्वतःचंच नाव घ्यायची.

यंदा येळवस दोन दिवसांवर आली. "तीनच पत्रावळ्या घे," सोमशेखर बायकोला म्हणाला. "मला भाऊ न्हाई." बोलून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाठमोऱ्यानंच सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. ते शिवलीलानं पाहिलं आणि ती तशीच उठून बाहेर पडली.

काकाच्या दारात आजही चपला होत्या. तिनं कडी वाजवली. काकूनं दार उघडलं आणि आतल्या सगळ्या माना वळल्या. कोपऱ्यात काव्याही होती.

"बापानं पाठिवलं व्हय?" काकूनं रुक्षपणे विचारलं.

"व्हय." शिवलीलाचा आवाज फाटला. "पण मागल्या वर्षी पाठिवलं होतं. मी दारातनंच परत गेले. घरात खोटं सांगितलं. येळवसला समद्यांनी या."

आत ये, असं कुणी म्हटलं नाही. तरी ती जागची हलली नाही. काकूनं पदर डोळ्यांना लावला आणि बाजूला सरून तिला आत वाट दिली.

"अगं, चार घरं चालायला तुला वरीस लागलं व्हय?"