मार्लिस सांगेल तो रंग

ऑगस्ट आला की नीमेलांच्या स्वयंपाकघरात जेवायला जागा उरायची नाही. टेबलावर पिसं, शेगडीवर रंगाची पातेली, खिडकीत दोरीवर वाळत घातलेली आणखी पिसं. मार्लिस टर्कीची पांढरी पिसं आणून स्वतः रंगवायची, कापायची आणि बाणांच्या बुडाशी चिकटवायची. एका बाणाला तीन. गावातले निम्मे शिकारी तिच्याकडूनच बाण करून घेत, आणि पिसांचा रंग ठरवायला एवढा वेळ लावत की लग्नाच्या सुटाला लावला नसेल.

"या वर्षी नारिंगी कर," हार्डवेअरच्या दुकानाचा मालक कर्ट लाहती म्हणायचा. "माझ्या बाजूला सगळं शेवाळ आणि नेची. बाण सापडत नाही."

"गेल्या वर्षी गुलाबी करून दिले होते, तेही सापडले नाहीत," मार्लिस पिसावरून नजर न काढता म्हणायची. "रंगाचा दोष नाही कर्ट. बाण हरणाच्या दिशेने सोडावा लागतो."

तिच्या नवऱ्याचे, डेलचे बाण मात्र दरवर्षी पांढरेच. त्यावरून कर्ट त्याला दरवर्षी तेच ऐकवायचा. हरीण घाबरलं की पांढरं शेपूट उभं करून बाकीच्यांना पळा म्हणून सांगतं, आणि हा शहाणा तेच पांढरं बाणाला बांधून जंगलात जातो.

"पांढऱ्यावर रक्त दिसतं," डेल तेवढंच म्हणायचा.

ते खरंच होतं. बाण हरणाच्या आरपार जातो आणि पलीकडे पडतो. पिसांवरचं रक्त सांगतं की तो कुठे लागला. फिकट गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुफ्फुस. अर्ध्या तासाने जायचं, जनावर शंभर पावलांत मरून पडलेलं असतं. गडद, वाईनसारखं असेल तर यकृत. तेव्हा चार-पाच तास हलायचंसुद्धा नाही. हरीण जवळच कुठेतरी बसतं आणि बसल्या जागी मरतं. घाई केली तर ते उठतं, तसंच जखमी पळतं, आणि मग कुणालाच सापडत नाही. असं हरीण हरवलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी हसत नाही. त्याच्यासमोर त्या मोसमाचा विषय काढत नाहीत, एवढंच. त्यापेक्षा हसलेलं बरं.

डेलचं मचाण घरामागे दहा मिनिटांवर होतं. बाण लागला की तो बाण घेऊन घरी यायचा आणि मार्लिसच्या पुढ्यात ठेवायचा. ती दिव्याखाली धरून बघायची आणि हुकूम सोडायची. "कॉफी पी, मग जाऊ." किंवा, "दुपारपर्यंत नाव काढू नकोस." मग माग काढायलाही दोघं बरोबरच जायची. ती पुढे, पानांवरचे थेंब बघत, तो मागे.

"बायको एकट्याला सोडत नाही का रे जंगलात?" कर्ट विचारायचा.

"ती सोडते. मीच घाबरतो," डेल म्हणायचा.

आम्ही सगळे हे प्रेम समजत होतो. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी राहते. माझा नवरा होता तोवर मी त्याला हेच उदाहरण द्यायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मी शाळेच्या भटारखान्यातल्या कामावरून घरी आले, तर डेल माझ्या पायरीवर बसलेला. हातात एक बाण.

"ग्वेन, याच्या पिसांचा रंग कुठला?"

मला वाटलं थट्टा आहे. "हिरवा."

"नक्की?"

"शेवाळासारखा हिरवा. का?"

त्याने बाण बोटांत फिरवला. "हे कर्टचे. मार्लिसने नारिंगी म्हणून दिले. मी डझनभर बांधून त्याच्या दुकानात पोचवले. तो सगळ्यांसमोर म्हणाला, दलदलीत बुडवून आणलेस का? मी हसलो."

"पण पोचवताना तुला दिसलं नाही?"

"मला ते दिसत नाही, ग्वेन," तो म्हणाला. "कधीच दिसलं नाही."

मग माझ्या पायरीवर, बूटसुद्धा न काढता, त्याने मला सांगितलं. त्याचे वडील खनिज वाहणाऱ्या रेल्वेत नोकरीला होते. एकोणिसाव्या वर्षी डेलही तिथे नोकरीसाठी गेला. डॉक्टरने रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि त्यातले आकडे वाचायला सांगितले. डेलला आकडेच दिसेनात. लाल आणि हिरवा त्याच्या डोळ्यांना एकच होते, कसलेतरी मातकट. सिग्नलच्या नोकरीला असला माणूस चालत नाही. घरी येऊन त्याने सांगितलं की रेल्वे आपल्याला आवडत नाही. वडील वर्षभर बोलले नाहीत. तो कागदाच्या गिरणीत लागला आणि अडतीस वर्षं तिथेच राहिला. खरं काय ते फक्त मार्लिसला माहीत होतं. लग्नाआधी एकदा त्याने तिच्या लाल कोटाला छान तपकिरी म्हटलं होतं, तेव्हाच तिने ओळखलं.

"म्हणजे रक्त..."

"पानावर पाणी सांडल्यासारखं दिसतं. ओलं आहे एवढं कळतं." त्याने बाण माझ्या हातात दिला. "बाकी सगळं तीच सांगते. आता तीच चुकली असेल तर मला कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी मी मटण भरून भाजलेल्या चार पेस्ट्या घेऊन त्यांच्याकडे गेले. मार्लिस टेबलाशी होती. हात पूर्वीसारखाच चालत होता, पीस, चिमटा, डिंक, पुढचं पीस. तिच्यासमोर हिरव्या पिसांचा ढीग.

"कुणाचे गं हे?"

"हॅकालांच्या थोरल्या मुलाचे. नारिंगी पाहिजेत म्हणाला."

"मार्लिस, हे हिरवे आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. मग पिसाकडे. "तुला शाळेत मुलांना बटाटे वाढायचे असतात, ते जमलं की पुरे, ग्वेन. रंग माझ्याकडे राहू दे."

"बरं. मग हे काय आहे?" मी खिडकीतलं टोमॅटोचं भांडं दाखवलं.

"टोमॅटो," ती म्हणाली. "मला वेडी समजतेस?"

"रंग विचारतेय."

तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जिना उतरताना एखाद्याला शेवटची पायरी नाहीच असं कळल्यावर होतो तसा चेहरा झाला. मग तिने चिमटा टेबलावर आपटला आणि मला पेस्ट्यांसकट बाहेर काढलं. डेल दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "तिला विचारत नको जाऊस," अंगणात येऊन तो मला म्हणाला. रागाने नाही, विनवल्यासारखं.

"डॉक्टरकडे ने तिला."

"ऑक्टोबर जाऊ दे."

"ऑक्टोबरने काय होणार आहे?"

"हरणांचा मोसम आहे."

"डेल, बाण आला की मला दाखव. मी सांगेन रंग. मला काय, मी शेजारी तर आहे."

"ती टेबलाशी बसलेली असताना तुला विचारायचं?" तो म्हणाला. "चाळीस वर्षं तीच सांगते. मी बाण घेऊन तिच्यासमोरून तुझ्याकडे गेलो, तर तिला काय वाटेल?"

सप्टेंबरभर मी गुपचूप एवढंच केलं. तिने केलेले बाण डेल माझ्याकडे आणायचा, मी रंग बघून पुडक्यांवर नावं लिहायची. ज्याला नारिंगी पाहिजे होते त्याला हिरवे जाऊ नयेत म्हणून अदलाबदल करायची. जिथे जमत नव्हतं तिथे डेल सांगायचा, यंदा रंग संपला होता. कर्ट म्हणाला, "म्हातारी आळशी झाली रे." डेल त्यावरही हसला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला मी त्यांच्याकडून उसना नेलेला पाव परत द्यायला गेले होते. मागचं दार उघडलं आणि डेल आत आला. थंडीने नाक लाल, टोपीवर झाडाच्या सालींचा भुगा. त्याने बाण टेबलावर ठेवला.

"मोठा नर आहे," तो म्हणाला. "बारा पावलांवर होता. बाण जरा मागे गेला की नाही, नक्की सांगता येत नाही."

मार्लिस हात पुसत उठली. कित्येक आठवड्यांत तिला एवढं ताठ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. तिने चष्मा लावला, बाण दिव्याखाली धरला आणि पिसांवरून अंगठा फिरवला.

मी तिच्या खांद्यामागे होते. पिसं वाईनच्या रंगाची झाली होती. फेसाचा एक बुडबुडा नव्हता. शाळेतल्या मुलानेही सांगितलं असतं.

"गुलाबी," मार्लिस म्हणाली. "फेसाळ. मस्त लागलाय, डेल. कॉफी पी, मग जाऊ."

डेलने माझ्याकडे बघितलं.

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. यकृत एवढा एकच शब्द. पण मार्लिस कपाटातून त्याचा कप काढत होती, स्वतःशी गुणगुणत होती, आणि तिच्या नवऱ्यासमोर तिला चुकीचं ठरवणारा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी खाली बघितलं. डेलने कॉफी घेतली. घोट घोट, शक्य तेवढी सावकाश. मग आणखी एक कप मागितला. मार्लिस त्याला रागावली, "अरे, नुसतं पडून खराब होईल ना ते, ऊठ!" तोवर तिने बूट घालून नाड्याही बांधल्या होत्या.

पाऊण तासात ती दोघं घरामागच्या कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली. ती पुढे, तो मागे.

दुपारी तीनला ती परत आली तशी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. दोघांचे हात रिकामे. डेलच्या पँटला मांडीपर्यंत चिखल होता. कॉफीचा कप द्यायचं निमित्त करून मी त्याच्याबरोबर पडवीत गेले. तो बूट काढत होता.

"रक्त काळसर होतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"तुझ्या तोंडावरूनच कळलं. ऐंशी पावलांवर बसला होता तो. आमची चाहूल लागली आणि उठला. मी पाहिला त्याला, ग्वेन. पाय ओढत देवदारांच्या दलदलीत गेला." तो बुटाच्या टाचेतला चिखल काठीने काढत राहिला. "पाच तास शोधला. ती मला पानं दाखवत होती. इथे आहे, इथे आहे म्हणत होती. सगळी मेपलच्या झाडाची लाल पानं असणार, त्यांच्यावर रक्ताचा थेंबही नसेल. मला काय दिसतंय?"

"कळलं होतं तर गेलास कशाला? काहीतरी कारण सांगून थांबायचं."

"ती बूट घालून उभी होती," डेल म्हणाला.

आतून मार्लिसने हाक मारली. तिने अंगावरचा कोटही काढला नव्हता. टेबलाशी बसून ती डेलकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती.

"ग्वेन, तू बाईमाणूस आहेस, तुला सांगते. हा म्हातारा संपला. मी स्वच्छ सांगितलं, फुफ्फुसाला लागलंय, आणि हरीण उठून पळालं म्हणतो. फुफ्फुस फाटलेलं हरीण पळतं का कधी? याने मारलंच नसेल ते. दुसरंच काहीतरी पाहिलं असेल." तिने त्याच्या ओल्या मांडीवर हात ठेवला. "याचं डोकं बरोबर चालत नाही हल्ली. मी बघतेय. कर्टलाही भलतेच बाण देऊन आला. डॉक्टरकडे न्यायला हवं."

मी डेलकडे बघितलं. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "जाऊ या. तू चल बरोबर."

"मी नाही तर कोण येणार आहे?" मार्लिस म्हणाली. "ग्वेन, फोन लाव गं दवाखान्याला. हा आज हो म्हणतोय, उद्या बदलेल."

शनिवारीही फोन उचलायला तिथे एक बाई असते. मी नंबर फिरवला. स्मरणाची तक्रार आहे, असं मी सांगितलं. तिने पेशंटचं नाव विचारलं. मी फोन कानाला धरून थांबले. डेलने मान हलवली, पण होय म्हणून की नको म्हणून, मला कळलं नाही.

"डेल नीमेला," मार्लिस मागून म्हणाली. "स्पेलिंग सांग तिला, ते नेहमी चुकवतात."

मी डेलचं नाव दिलं. एकवीस तारखेला सकाळी साडेनऊ. मार्लिसने उठून ते कॅलेंडरवर लिहिलं, आणि त्याला म्हणाली की त्या दिवशी तरी धुतलेला शर्ट घाल.