मे महिन्यातला तारा

मार्थाआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होते. धायरीचं घर सोडून वाघोलीला जायला आठवडा उरला होता आणि माझ्या सहा वर्षांच्या सारानं "मी नाही येणार" असं जाहीर करून टाकलं होतं. तिची समजूत घालायला आत्याच येणार होती. सगळी भिस्त तिच्यावर आणि ती अशी न सांगता निघून गेली... मला रडू आलं आणि तिचा रागही आला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत तिनं जन्मभर मुलांना शिकवलं. मंडळीतल्या कुणी घर बदललं, की सामानाच्या टेम्पोच्या आधी ही त्या घरच्या मुलांना घेऊन नव्या जागेत हजर! रिकाम्या खोल्यांतून मुलांना घसा फाडून गायला लावायची, प्रार्थना करायची आणि सगळ्यात धाकट्याच्या हातून खिडकीत नाताळचा कागदी तारा टांगायची. मग महिना कुठलाही असो. आम्ही नाना पेठेतून धायरीला आलो ते ऐन मे महिन्यात. मी आठ वर्षांची होते आणि मला एकच घोर लागला होता. "आत्या, देवाला आपला नवा पत्ता कोण सांगणार?" ती म्हणाली, "बाळ येशूला शोधणाऱ्यांकडे बेथलेहेमचा पत्ता कुठे होता गं? तारा होता. चल, पळ!"

आम्ही पळतच जिने चढलो, उघड्या दारातून आत शिरलो, गायलो, नाचलो, तारा टांगला... आणि पाठीमागून आवाज आला, "कोण वो तुम्ही?" उत्साहाच्या भरात आत्या शेजारच्या इमारतीत घुसली होती! घर धायरी गावातल्याच एका बाईंचं होतं, रंगकामासाठी पुढची खोली रिकामी केलेलं. मी भोकाडच पसरलं, "आता देव यांच्याकडेच जाणार!" बाई हसत सुटल्या. "यीऊ दे की. च्या पाजून धाडते तुमच्याकडं. तारा मातुर न्या, न्हायतर वाट चुकंल त्यो." मग बाई स्वतःच तारा घेऊन आमच्याबरोबर आल्या. अनोळखी जागेत पहिल्याच दिवशी हक्काचं एक घर मिळालं आणि माझी भीती कुठल्या कुठे पळाली.

आत्याच्या कपाटात साराच्या नावाची पिशवी निघाली. आत नवाकोरा तारा आणि पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, 'सारा, आधी दारावरचा नंबर वाच. मग गा.' वाघोलीच्या घराच्या दारात सारा फुगून उभी होती. "असं का लिहिलंय?" तिनं विचारलं. मी तिथेच जिन्यात बसून तिला सगळी फजिती सांगितली. ती खो खो हसली, नंबर तीनदा मोठ्यानं वाचला आणि गात गात आत धावली. शेजारचे काका दार किलकिलं करून म्हणाले, "यंदा नाताळ लवकर आलाय वाटतं." मला हसूही आवरेना आणि रडूही.

आज आत्याला जाऊन दोन महिने झाले. काल आमच्या वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. त्यांचा छोटा मुलगा टेम्पोजवळ रडत उभा होता. सारानं खिडकीतून त्याला पाहिलं, खुर्चीवर चढून तारा काढला आणि दाराकडे धूम ठोकली. उंबऱ्यापाशी मात्र थबकून मागे वळली.

"आई, त्यांच्या दाराचा नंबर काय गं?"