गायरानात उतरलेलं विमान

सेवेतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत, पण गायरानातल्या त्या विमानाची एकेक गोष्ट मला अजून जशीच्या तशी आठवते. मी तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. बांधाच्या भांडणांपलीकडे आता नवीन काही बघायला मिळेल असं वाटत नव्हतं.

दिवाळीनंतरचे, लग्नसराईचे दिवस होते. सकाळी साडेनऊला हजेरी आटोपून मी चहा घेत होतो, तोच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"सायेब, आमच्या गायरानात इमान उतरलंय."

"पाटील, लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन असेल."

"आवं, ड्रोनमधनं माणसं उतरत्यात व्हय? दोघं हायती. एक दुसऱ्याच्या अंगावर धावून जातोय. बिगीनं या."

स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि हवालदाराला घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पांढरं, चार आसनी विमान पुढचं चाक वाकवून नाकावर बसलं होतं. भोवती निम्मं गाव, आणि भेळेची गाडीसुद्धा. आमच्याकडे काहीही घडो, भेळवाला पोलिसांच्या आधी पोचतो. विमान वाहतूक खात्याची माणसं येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावून पंखाला टेकून फोटो काढणाऱ्यांना मी मागे सारलं.

उतरलेल्यांपैकी एक विमानाचा मालक. सांगलीकडचा, पुण्यात बांधकामात नाव काढलेला गडी. अंगात रेशमी सदरा, डोक्याला फेटा. त्याच्या भाचीचं त्या दिवशी दुपारच्या आत सांगलीजवळ लग्न होतं. पुण्याहून निघून कराडच्या धावपट्टीवर उतरायचं आणि पुढे मोटारीनं जायचं, असा बेत होता. नवरीला मामानं मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपल्याकडची रीत. हा मामा मात्र गायरानात उभा होता. खिशातला फोन सारखा वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

दुसरा त्याचा वैमानिक. पंचेचाळिशीचा, अबोल माणूस.

"लिवून घ्या सायेब," मालक गरजला. "ह्यो पिऊन चालवत हुता. आभाळ बगा, कुटं ढगाचा टिपूस हाय का? ह्याला भ्या वाटलं, म्हणून मला रानात आणून टाकलं."

श्वास तपासणी केली, ग्रामीण रुग्णालयातही नेलं. दारूचा वासही नव्हता. तेवढा आरोप गळाला, पण मालकानं दुसरा सोडला नाही. स्वच्छ हवेत विनाकारण रानात विमान उतरवून माझा जीव धोक्यात घातला, अशी रीतसर तक्रार त्यानं दिली. ती टिकली असती तर वैमानिकाचा परवाना धोक्यात आला असता. आणि परवाना राहिला, तरी भित्रा म्हणून नाव झालेल्याच्या हातात पुन्हा विमान कोण देणार?

मी त्याला समोर बसवून विचारपूस केली. तो पहिल्या वाक्यालाच म्हणाला, "चूक माझीच आहे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढ्या चटकन कबुली देणारा मला भेटला नव्हता. म्हणून मी सावध झालो. "कसली चूक?"

"निघायलाच नको होतं. सकाळचा हवामानाचा अहवाल धड चांगलाही नव्हता, धड वाईटही नव्हता. अशा वेळी जमिनीवर थांबावं. मी निघालो."

"मालकांनी घाई केली?"

मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी फिरवून विचारला. शेवटी तो म्हणाला, "विमान मी चालवत होतो, साहेब."

मग हळूहळू बोलता झाला. साताऱ्याच्या अलीकडे ढग महामार्गावर टेकले होते, म्हणून तो पूर्वेला वळला आणि रेल्वेचे रूळ धरून रहिमतपूरच्या दिशेनं निघाला. थोड्या वेळानं समोरचा डोंगर दिसेनासा झाला. मागे वळला, तर आलेली वाटही धुक्यानं बुजली होती. खाली गायरान तेवढं मोकळं होतं.

"इंजिन ठीक होतं, इंधन होतं, जागा दिसत होती. हे सगळं असतानाच उतरायचं असतं. संपल्यावर नाही."

मला त्याचं पटत होतं, पण पटून काय उपयोग? मी स्वतः लख्ख ऊन पाहिलं होतं. गावकऱ्यांचे जबाबही तसेच होते, कारण सगळे ऊन पडल्यावर आले होते.

माझी एक जुनी सवय होती. घटनास्थळ घटनेच्या वेळेला बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत मी पुन्हा गायरानाकडे निघालो. हवालदार कुरकुरला, "सायेब, इमान काय पळून जानार हाय?" तिथे पोहोचलो आणि समोर बघितलं. गायरानाच्या कडेची बाभळ दिसत होती. तिच्यामागचा अख्खा डोंगर गायब होता.

तिथेच माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेली एक म्हातारी धनगरीण बसली होती. आदल्या दिवशी गर्दी झाली तशी ती कळप घेऊन लांब गेली होती, म्हणून तिला कोणी विचारलंच नव्हतं.

"काल असंच हुतं का, आजी?"

"ह्याच्यापरीस दाट. वरनं नुसती घरघर यायची. मग खाली आलं, माज्या मेंढरांवरनं एक फेरी मारून गेलं. मी वळकलं, ह्याला जागा पायजे. मेंढरं कडंला हाकलली, तवा दुसऱ्या फेरीला उतरलं. शाना हाय गडी."

"शहाणा कसा?"

"आवं, डोंगराचा माथा दिसंना झाला की मी बी खिंडीत कळप घालत न्हाई. उशीर झाला तर हुंदे. कोकरू दरीत गेलं तर माघारी येतंय व्हय?"

तिचा जबाब घेतला, अंगठा घेतला. तपासाला तेवढं पुरेसं होतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी मालकालाही त्याच वेळी गायरानात बोलावलं. धुकं होतंच.

"मामासाहेब, तुमचं विमान ज्या दिशेनं चाललं होतं, तिकडं बघत उभे राहा."

तो कुरबुरत उभा राहिला. अर्ध्या तासानं ऊन चढलं, धुकं विरलं आणि काळा कडा त्याच्या नाकासमोर उभा राहिला. तो कड्याकडे बघतच म्हणाला,

"बहीण म्हनत हुती, आदल्या दिशीच ये. मलाच मिरवत यायचं हुतं. त्यो वळतो म्हनला तवा मी शिव्या घातल्या, सायेब. भाचीच्या मांडवात मी सुतक आणलं असतं."

त्याच दुपारी त्यानं तक्रार मागे घेत असल्याचा पुरवणी जबाब दिला. विमान खात्याला गेलेल्या माझ्या अहवालासोबत धनगरणीचा जबाबही गेला. वैमानिकाचा परवाना राहिला. मला मनापासून आनंद झाला.

पुढे जायला छाती लागते, असं आम्ही पोलीसही शिकवत आलो. जीप दामटणारा चालक मला कायम मर्द वाटायचा. मालकाच्या शिव्या खात माघारी वळायला किती छाती लागते, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं. त्यानंतर घाटात गाडी थांबवणाऱ्या चालकाला मी कधी घाई केली नाही.

पुरवणी जबाबाच्या वेळी भाची नवऱ्यासोबत ठाण्यात आली होती. हातात हिरवा चुडा, अंगावरची हळद अजून उतरलेली नव्हती. मामा मान खाली घालून बसला होता, वैमानिकही तिथेच होता. ती सरळ वैमानिकापुढे गेली आणि वाकून नमस्कार केला. तो बिचारा गडबडून उभा राहिला.

"माझ्यामुळं तुमचा मामा अक्षतांना पोचला नाही," तो म्हणाला.

"नसू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी पाठवणीला होता की."