पोलाद आणि जर्मन

पोलाद माणसाला पुरून उरतं, असं मिस्त्री म्हणायचे. हे वाक्य ते इतक्या गांभीर्याने उच्चारत, की ऐकणाऱ्याला शिलालेखासमोर उभं राहिल्यासारखं वाटे. प्रत्यक्षात ते चौसाळ्यात हॉटेलच्या बाकावर बसून, भजी खात, माझ्या बंदुकीला नावं ठेवत असत.

मिस्त्रींनी उभी हयात बीडच्या एका दुकानात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करण्यात घालवली. दुकान बंद झालं तसे गावी आले. सोबत वडिलांची दोन नळ्यांची बारा बोअर बंदूक होती. माझी बंदूक रानडुकरांसाठी घेतलेली, नव्या पद्धतीची. नळी आणि दस्ता यांच्यामधल्या, यंत्र पोटात धरणाऱ्या भागाला बॉडी म्हणतात. मिस्त्रींच्या बंदुकीची बॉडी पोलादाची, माझ्या बंदुकीची ॲल्युमिनियमची. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात.

त्यांनी माझी बंदूक तळहातावर तोलली आणि बॉडीवर किल्ली वाजवली.

"कावून घेतली ही, मास्तर? पातेलं हाय हे. जर्मनमधी भात शिजवावा, बार भरायचा न्हाई."

मी म्हणालो, बाराचा जोर नळीच्या मागचा पोलादी भाग घेतो, बॉडी फक्त सगळं धरून ठेवते. हे मी वाचलं होतं.

"वाचलं असंल. म्या ह्या जर्मनच्या पिनांची भोकं ढिली झाल्याली पाह्यलीत."

"किती बार काढल्यावर?"

मिस्त्रींनी एक भजं संपवलं. "आपल्याकडं बार काढतंय कोण?"

हे मात्र खरं होतं. आमच्या भागात बंदुका लग्नांना जातात आणि वाढदिवसाच्या फलकावर येतात. एकदा एक पुढारी आपली बंदूक दाखवायला घेऊन आला. खांद्यावर नीट बसत नाही, फोटोत वाकडी दिसते, अशी तक्रार होती. मिस्त्रींनी ती उलटसुलट पाहून परत दिली. "बंदूक सरळ हाय, साहेब," एवढंच म्हणाले.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे पोत्यात घालून टाकून येत. मिस्त्री दोन दिवस घेत. नळ्या पुसायच्या, बॉडीला आतून-बाहेरून तेल द्यायचं, मग तेलात भिजवलेल्या जुन्या धोतरात गुंडाळायची. "लेक सासरी धाडताना केस इंचरून धाडावी," म्हणायचे. निकालानंतर ठाण्यात पहिले तेच हजर.

मागच्या खेपेला बंदूक जमा केली आणि आठवड्याने त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. निकाल लागले, मी माझी बंदूक घेऊन आलो. त्यांची तिथेच राहिली, कारण घ्यायला परवानाधारकाने स्वतः यावं लागतं. मी भेटायला गेलो की ते एकच सांगत. शब्द फुटत नसत, पण कळत असे: पावसाळ्याआधी तेल.

मी बाटली घेऊन ठाण्यात गेलो. हवालदार सभ्य माणूस होता.

"सर, दुसऱ्याच्या हत्याराला तुमाला हात लावू देता येत न्हाई."

"तुम्ही लावा मग."

"लावलं असतं. पण तेल लावल्याची नोंद कशात करू?"

मी बाटली घेऊन परत आलो आणि मिस्त्रींना सांगितलं, तेल दिलं.

"आतून?" त्यांनी विचारलं. तो शब्द स्पष्ट होता.

"आतून-बाहेरून."

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर तेलाचं नाव काढलं नाही. श्रावणात गेले. मी खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली आणि जेवलो.

दिवाळीनंतर त्यांची मुलगी चकलांब्याहून आली. बंदूक सरकारजमा करायची होती. तिच्यासोबत मी ठाण्यात गेलो. गळक्या कोपऱ्यातून हवालदाराने गाठोडं आणलं. धोतर कधीच वाळून कडक झालं होतं. तपासण्यासाठी बंदूक मधून मोडावी, म्हणजे बिजागरीवर उघडावी लागते, ती मोडेना. हवालदाराने गुडघ्यावर घेऊन जोर लावला. नळ्या आणि बॉडी गंजून एक झाल्या होत्या.

"बाबा तर म्हणायचे, तेल लावलं की पोलादाला काय होत न्हाई," मुलगी म्हणाली. "तुमी लावलंतं ना, काका?"

मी हो म्हणालो.

हवालदाराने जमा करताना घोड्याला तारेने बांधलेला नंबरचा बिल्ला पुसायला घेतला. पुसायची गरज नव्हती. बिल्ला जर्मनचा होता. आकडा स्वच्छ वाचता येत होता.