दुसरा फटका

हे आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्याही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगू शकते आहे. ओळखीच्या माणसासमोर बसले की जीभच उचलत नाही.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका खासगी प्रयोगशाळेची मी प्रमुख होते. अणुभट्टीतल्या नळ्यांसाठी जे पोलाद घ्यायचं, त्याचे बोटाएवढे तुकडे आमच्याकडे यायचे. ते भट्टीत, तापलेल्या वाफेत हजार तास ठेवायचे. एवढ्या उष्णतेत पोलादही गंजतं. लाल नाही, काळं. अंगावर काळी साल धरते. मग वजन करायचं. वजन जितकं वाढलं, तितका गंज. पण साल तडकून गळाली, तर वजन कमी भरतं आणि वाईट पोलाद चांगलं ठरतं. म्हणून गळालेला कण न् कण वेचून वजनात धरायचा. मी नवी होते तेव्हा हे मला शांतारामकाकांनी शिकवलं. भट्टी तेच सांभाळायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे.

त्या दुपारी पोलादवाल्या कंपनीचे दोन इंजिनिअर आले होते. ऑफिसात चहा घेत आकड्यांची वाट बघत होते. भट्टी आपोआप निवू द्यायची असते — मला धीर नव्हता. दार उघडलं, पहिला ट्रे बाहेर काढला. गार वारा लागला आणि तुकड्यांवरची साल टिकटिक वाजत उडायला लागली. ऐकू येत होतं मला. तरी उरलेल्या तुकड्यांचं वजन घेतलं आणि वहीत लिहिलं. आकडे सुंदर आले होते. सुंदरच म्हणायला हवेत ना?

दुसरा ट्रे काढायला लांब पोलादी चिमटा भट्टीत घातला होता, तेवढ्यात काका समोर आले. तळहातावर बटर पेपर, त्यावर काळे पापुद्रे.

"मॅडम, ह्ये वजनात नाय धरलंत."

"राहू दे, काका."

"राहू दे कसं? नळी फुटली तर माणसं मरतील. मी जाऊन दाखवतो त्यांना."

आणि ते वळले.

मी त्यांच्या हातावर चिमटा मारला.

चिमटा भट्टीतून बाहेर काढून काही सेकंदच झाले असतील. त्याचं टोक लाल दिसत नव्हतं, पण भाजायला पोलाद लाल दिसावं लागत नाही. कातडी चर्र झाली. वास आला. कागद उडाला, पापुद्रे फरशीवर सांडले. हा पहिला फटका. त्याला राग म्हणा, तोल गेला म्हणा — मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आले.

पण पुढे काय झालं? काका ओरडले नाहीत. भाजलेला हात पोटाशी धरून ते खाली वाकले आणि दुसऱ्या हातानं ते पापुद्रे गोळा करायला लागले. माझ्या पायाशी! त्यांचं ते वेचणं मला सहन झालं नाही. मला थांबता आलं असतं. एक श्वास घेण्याएवढा वेळ होता, तो मी घेतलासुद्धा. मग चिमटा दोन्ही हातांनी उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला. डाव्या डोळ्यावर.

ते आडवे पडले. टाचा फरशीवर आपटत होत्या. चिमट्याच्या टोकाला काहीतरी चिकटलं होतं. मी ते बघितलं, चिमटा खाली ठेवला, पायानं पापुद्रे भट्टीखाली सारले — आणि मगच मदतीसाठी हाक मारली.

"दार उघडताना काका पुढे वाकले," मी सगळ्यांना सांगितलं. काकांनी दवाखान्यात खरं सांगितलं. कुणी ऐकलं नाही. एमएस्सी झालेली, पाच फुटांची बाई चिमट्यानं मारते, यावर कोण विश्वास ठेवणार?

आठवड्यानं काकी ऑफिसात आल्या. चप्पल बाहेर काढून आत आल्या, बसल्या नाहीत.

"ह्ये म्हणतात, तुम्ही मारलंत."

"काकी, इतक्या कळा आल्यावर माणूस काहीही बोलतं हो."

"डोळा गेला. पण खोटं नाय बोलायचे ते कधी." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी शिपायाला त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. पुढल्या महिन्यात, निष्काळजीपणाचा शेरा मारून मीच काकांना कामावरून काढलं. सही माझी आहे.

आणि ते पोलाद? कंपनीनं त्याच पोलादाचे तुकडे दुसऱ्या प्रयोगशाळेतही दिले होते. तिथे साल वजनात धरली. पोलाद नापास झालं, कुठल्याही अणुभट्टीत गेलं नाही. माझे आकडे कुणी विचारलेही नाहीत. माझ्या खोट्यानं कुठली नळी फुटली नाही. फुटला तो काकांचा डोळाच.

गेल्या महिन्यात काका एसटी स्टँडवर दिसले. बाकावर एकटेच, मांडीवर भाजीची पिशवी. डावी पापणी आत ओढून शिवल्यासारखी. मला त्यांच्यासमोरूनच जायचं होतं. मी थांबले, चार पावलं मागे आले आणि वळसा घेऊन त्यांच्या डाव्या बाजूनं निघून गेले.