मी खाऊन दाखवलेली पावडर

हे मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आईला तर मुळीच नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. आज सकाळी हिराकाकूकडे जाऊन तिला सांगणार आहे. ठरलंय, त्यात आता बदल नाही. पण तिच्यासमोर बसल्यावर माझी जीभ नेमकी कुठे अडखळणार, हे मला आधी कळायला हवं. म्हणून एकदा तुम्हाला सांगून बघते. तुम्ही माझी समजूत घालायला जाणार नाही, हे बरं आहे.

हिराकाकू आमच्या मोरवा गावातली, आमच्या घरापासून चार घरं सोडून राहते. सख्खी काकू नव्हे, पण सख्ख्या काकवांनी जेवढे लाड केले नाहीत तेवढे हिने केलेत. तिचा नवरा आणि माझे आजोबा एकाच मिठागरावर राबले. पुढे मिठागरं बंद पडत गेली, गावातल्या बायका भाईंदर पूर्वेच्या छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये कामाला जाऊ लागल्या. मी केमिस्ट्रीत बीएस्सी करून त्यातल्याच एका गाळ्यात लॅब सांभाळायला लागले. काकूला तिथे मीच लावून दिलं. शब्द माझा होता.

आमच्याकडे इमारतींच्या काचा आणि लाद्यांवर मारायचं एक पातळ कोटिंग बनतं. मारलं की दिसत नाही, पण ऊन पडलं की त्यातले कण कामाला लागतात — काजळी, शेवाळ, चिकट घाण, सगळं हळूहळू खाऊन टाकतात. पाऊस आला की काच धुऊन निघते. हे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे. नाव मोठं असलं तरी तुमच्या घरात तो आहेच: भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये. पण रंगातला तो जाडा. आमच्याकडे यायला लागला तो नॅनो. म्हणजे इतका बारीक, की पातळ थर मारला की त्याचा पांढरेपणाही दिसेनासा होतो. उन्हाच्या क्रीममध्ये घालतात तो हाच, म्हणून ती क्रीम लावून माणूस भूत दिसत नाही. तेच द्रव्य, तेच नाव — पण बारीक झालं की वागणं बदलतं. हे मला माहीत होतं का? होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते मी त्यावर.

ही बारीक पावडर गाळ्यात आली आणि बायका बिथरल्या. पोतं फोडलं की ती खाली बसायचीच नाही, बंद खोलीत नुसती तरंगत राहायची. पापण्यांवर, केसांत, घशात. चांगले मास्क द्या आणि हवा ओढणारा पंखा बसवा, नाहीतर आम्ही पावडरच्या खोलीत जात नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मागणी चुकीची होती? अजिबात नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, फक्त जरा मोठ्या आवाजात. पण ऑर्डर तोंडावर आली होती. शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आपके गाँव की औरतें हैं, आपकी सुनेंगी." नुकतंच मला लॅबची इन्चार्ज केलं होतं. आपलं कोणीतरी ऐकतं, हे ऐकायला किती गोड लागतं, तुम्हाला ठाऊक आहे ना?

आता मिठाची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय माझी लबाडी कळणार नाही. मिठागरावर मीठ तयार झालं की नाही, हे आमच्याकडे जिभेवर ठेवून ठरवतात. कडवट लागलं तर हात लावायचा नाही. आणि ज्याने चव घेऊन मान हलवली, त्याच्यानंतर दुसरा कोणी पुन्हा चाखत नाही. एकाने जिभेवर ठेवलं म्हणजे सगळ्यांचं झालं. यावर शंका घेणं म्हणजे त्या माणसाला खोटारडा म्हणणं. मी याच गावात वाढले. मला हे शिकवावं लागलं नव्हतं.

मी सगळ्या बायकांना बोलावलं, बरणी उघडली, बोटावर पांढरी पावडर घेतली आणि त्यांच्या देखत चाटली. वर म्हटलं, बघा, टूथपेस्टमध्ये असते तीच आहे, काही होत नाही. मग हिराकाकूच बोलली — "बाय, तू जिबेवं ठेवलंस ना, मंग आता भ्या कसला?" पदर नाकाला बांधून ती पहिली आत गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या.

त्या बरणीत नॅनो पावडर नव्हती. भिंतीच्या रंगाची जुनी, जाडी पावडर होती. आदल्या दिवशी मीच ती भरून ठेवली होती. चुकून नाही, घाईत नाही — विचार करून, झाकण घट्ट लावून ठेवली होती.

आणि खरी पावडर चाटली असती, तरी ते खोटंच ठरलं असतं. पोटात जाणं वेगळं, श्वासातून छातीत जाणं वेगळं. बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात आणि तिथे बसून राहतात. माणसाला त्याने नेमकं किती होतं, किती वर्षांनी होतं, हे मला माहीत नव्हतं, आजही नीट माहीत नाही. पण काळजी घ्या असं सांगण्यासारखं होतं, हे पक्कं माहीत होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं — "मला माहीत नाही, म्हणून आत जाऊ नका." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. बीएस्सी झालेल्या बाईने माहीत नाही म्हणायचं, तेही स्वतःच्या गावासमोर? मूठ झाकलेलीच ठेवली मी.

टाक्या धुतलेलं पाणी मागच्या गटारातून खाडीकडे जायचं. दुधासारखं पांढरं. जे कण उन्हात काचेवरचं शेवाळ मारतात, ते खाडीत जाऊन काय मारतात? ऊन तिथेही पडतंच की. चिखलातले बारीक जीव, त्यांच्यावर जगणारे निवटे मासे, आणि ते निवटे खाणारे आम्ही. मला हा प्रश्न पडला होता आणि मी तो कोणालाच विचारला नाही. हेही माझ्याच नावावर धरा.

मास्क पुढे आले, पातळ कापडाचे. पंखाही बसला, नको त्या कोपऱ्यात. बायकांनी पुन्हा कधी कटकट केली नाही. कशी करणार? मी जिभेवर ठेवलं होतं.

काकूने काम सोडलं त्याला आता बराच काळ झाला. तिला दम लागतो. तळ्यापर्यंत निघाली की वाटेत दोनदा बसते, आणि कोणी बघितलं तर चप्पल नीट करतेय असं दाखवते. कोरडा खोकला आहे. खाई त्याला खवखवे म्हणतात — इथे खाल्लं मी आणि खवखव तिला. पावडरमुळेच झालं का? तिने जन्मभर चूलही फुंकली आहे. मला सांगता येत नाही. या 'सांगता येत नाही'च्या आड मी किती वर्षं आरामात बसले होते, याची मला आज किळस येते.

गेल्या आठवड्यात मीच तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी हिंदीत विचारलं, काम कुठे करायचात, धूळ असायची का? काकूचा चेहरा खुलला. माझ्याकडे हात करून तिने अभिमानाने सांगितलं — "पावडर था, पन वो खराब नहीं हाय डॉक्टर. हमारी बाय ने खाके दिखाया."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, तिच्या खुर्चीला खुर्ची लावून. एक वाक्य बोलायचं होतं. मी मान हलवली. हो, अशी. मग डॉक्टर चुलीबद्दल विचारू लागले आणि मी काकूची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले. बरणी भरली तेव्हा मी तरुण होते, शेठला घाबरत होते, असं एखादा म्हणेल. त्या खुर्चीत मी कोणाला घाबरत होते? तिथे तिच्या औषधाचा प्रश्न होता, आणि मी माझी अब्रू सांभाळली.

परवा मी एकटी डॉक्टरांकडे गेले. पावडरचं नाव, ती किती बारीक होती, खोली कशी बंद असायची, सगळं सांगितलं. काकूला आणखी तपासण्या कराव्या लागतील म्हणाले. बरणीचं मात्र त्यांना सांगितलं नाही. ते आधी काकूने ऐकायचं आहे. गाळ्यात आज ज्या बायका त्या खोलीत जातात, त्यांना मी उद्या सांगणार आहे, शेठच्या समोर. नोकरी राहिली तर राहिली.

अजून एक राहिलंय. इतका वेळ मी त्याच्याभोवती फिरतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

त्या खोलीत मी स्वतः कधी साध्या मास्कने गेले नाही. जाड, हवा गाळणाऱ्या डबीचा, चांगला मास्क मी स्वतःसाठी बाहेरून आणला होता. तो का लावते, हे बायकांना काय सांगणार? म्हटलं, मला धुळीची ॲलर्जी आहे, लहानपणापासून शिंका येतात. हिराकाकूला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्यासाठी काढा करून आणायला लागली. तिच्या परसातला गवती चहा, आलं, तुळस, जरासा गूळ. पावडरच्या खोलीत जाण्याआधी ती लॅबच्या दारात उभी राहायची, पेला माझ्या हातात द्यायची आणि मी संपवेपर्यंत हलायची नाही. मग पदर नाकाला बांधून आत जायची. हे ती काम सोडेपर्यंत चाललं. मी रोज प्यायले. मला आवडायचा.

आता मी निघते. काय होईल ते मला दिसतंय. बरणीचं सांगेन तेव्हा ती ऐकून घेईल. छातीचं सांगेन तेव्हाही ऐकेल, "वय झाला माजा" म्हणेल. मग विचारेल — "म्हंजे बाय, तुला ॲलर्जी नव्हती?"

नव्हती, काकू. कधीच नव्हती.